डॉक्टर ‘स्टडीत घेऊ या का?’ म्हणाले तर: क्लिनिकल ट्रायलमध्ये पहिल्यांदाच जाणाऱ्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी

क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे एखादा उपचार माणसांवर पद्धतशीर तपासून बघणाऱ्या चाचणीचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. एक काका म्हणतात, ‘‘आपण काय उंदीर आहोत का प्रयोग करायला?’’ दुसरीकडे भाचा म्हणतो, ‘‘नवीन औषध आहे, तेही फुकट, सही करून टाका.’’ दोघांच्याही बोलण्यात एक प्रश्न राहून जातो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: दुसऱ्या गटाला काय मिळणार?

बहुतेक मोठ्या चाचण्यांमध्ये पेशंटचे दोन गट करतात. एका गटाला नवा उपचार आणि दुसऱ्याला आधीपासून चालत आलेला उपचार मिळतो, किंवा काही वेळा प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. डॉक्टरांनी निवड केली तर नकळत धडधाकट पेशंट नव्या औषधाकडे जातील, आणि मग फरक औषधाने पडला की पेशंटच्या तब्येतीने, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे ‘साहेब, आमच्या आईला नवीनवाल्या गटात टाका’ ही विनंती कितीही ओळख असली तरी चालत नाही. ती मान्य करणाऱ्या ट्रायलपासून लांब राहिलेलं बरं.

म्हणून सही करण्याआधीची कसोटी साधी आहे. आपण दुसऱ्या गटात पडलो तरी चालेल का? बाहेर आज जो उपचार मिळतोय त्याच्यापेक्षा तो गट वाईट तर नाही ना? उत्तर ‘चालेल’ असेल तरच पुढचं वाचा.

नवं औषध म्हणजेच ट्रायल, असं नाही

लोकांच्या डोक्यात ट्रायल म्हणजे परदेशी कंपनीचं इंजेक्शन. आपल्याकडच्या गाजलेल्या चाचण्या पाहिल्या तर चित्र वेगळं दिसतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांची काळजी घरीच घेता येते का, हे तपासलं. ३९ गावांत थोड्याच शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणं ही त्यांची कामं होती. तुलनेसाठीच्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला होता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचं वजन करते, त्यामागे ही चाचणी आहे.

परळच्या टाटा मेमोरियलने तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की गाठ दिसली तरच काढाव्यात, हा सर्जनांचा जुना वाद चाचणी करून सोडवला. पहिल्याच वेळी गाठी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. नवं औषध यात काहीच नव्हतं. याच संस्थेच्या पुढाकाराने ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेली आणखी एक चाचणी तर अगदी साधी. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं, म्हणजे दात काढताना देतात त्याच भुलीचं इंजेक्शन द्यायचं. पाच वर्षांनी इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या आणि बिनइंजेक्शनच्या गटात ८६.४ टक्के. तुलनेच्या गटाचं काही काढून घेतलं नव्हतं, त्यांचंही तेच ऑपरेशन झालं. अशा ट्रायलमध्ये यायला मी कुणालाही बिनदिक्कत सांगेन.

अवघड उदाहरणही बघायला हवं. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी झाली. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावून तपासणी करत होत्या. उरलेल्या वस्त्यांमधल्या स्त्रियांना आजाराची माहिती मिळाली, घराजवळची तपासणी मिळाली नाही. तपासणीच्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले आणि त्यावरून वादही पेटला. तपासणीचा फायदा होतो हे माहीत असताना हजारो बायकांना तशाच का ठेवल्या, असं टीकाकार म्हणाले. त्या काळी देशात तपासणीची सोयच नव्हती, मग काढून काय घेतलं, असं संशोधकांचं उत्तर होतं. मला दोन्हींत तथ्य दिसतं. पण ‘इथे नाहीतरी काहीच मिळत नाही’ हा युक्तिवाद गरिबाच्या बाबतीत फार सहज केला जातो, असंही वाटतं. तुमच्या समोरच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या गटापुढे ‘नेहमीची काळजी’ एवढंच लिहिलं असेल, तर नेहमीची म्हणजे नक्की कोणती, हे तारीख आणि औषधासकट विचारा.

आधी फाईल, मग शोध

ट्रायल शोधायला इंटरनेटवर बसण्याआधी पेशंटची फाईल लावा. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी, आतापर्यंतच्या औषधांची नावं, डोस, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा. तारखांवर बरंच अवलंबून असतं, कारण ‘शेवटच्या केमोला अमुक आठवडे झालेले हवेत’ अशा अटी असतात. कॅन्सरच्या पेशंटने बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला तुकडा, कुठल्या लॅबमध्ये आहे हेही लिहून ठेवावं. तो नंतर मागतात.

मग नेहमीच्या डॉक्टरांना सरळ विचारा की या आजारात, या टप्प्यावर कुठे ट्रायल चालू आहे का. हे लवकर विचारा. बऱ्याच चाचण्या ‘आधी काहीच उपचार घेतलेले नाहीत’ अशाच पेशंटसाठी असतात, आणि मधल्या काळात कुणाच्या सल्ल्याने दुसरं काही सुरू केलं तर तो दरवाजा बंद होतो.

सीटीआरआय कसं वाचायचं

भारतातल्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये, म्हणजे सीटीआरआयमध्ये होते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ती २००७ मध्ये सुरू केली. १५ जून २००९ पासून, देशात औषधांना परवानगी देणाऱ्या औषध महानियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. कुणीही फुकट बघू शकतं, लॉगिन लागत नाही. ॲलोपथीबरोबर आयुर्वेद, होमिओपथी, फिजिओथेरपी, नर्सिंगच्या चाचण्याही तिथे सापडतात.

वेबसाइट इंग्रजीत आहे आणि दिसायला जुनाट आहे. घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा. शोधाच्या चौकटीत आजाराचं इंग्रजी नाव टाका, यादी येईल. एकेक नोंद लांबलचक असते, पण सगळी वाचायची गरज नाही. मी या क्रमाने बघते.

सगळ्यात आधी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’. तिथे ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे जा. ‘नॉट येट रिक्रूटिंग’ असेल तर नोंद करून ठेवा. ‘कम्प्लीटेड’ असेल तर तिथे वेळ घालवू नका. नोंद वेळेवर अद्ययावत होतेच असं नाही, त्यामुळे हा रकाना शेवटचा शब्द समजू नका.

नंतर ‘साइट्स ऑफ स्टडी’, म्हणजे कुठल्या हॉस्पिटलात. मग ‘इन्क्लूजन’ आणि ‘एक्स्क्लूजन क्रायटेरिया’: वय, आजाराचा टप्पा, किडनी-लिव्हरचे आकडे, कोणाला घेणार आणि कोणाला नाही. त्यानंतर माझा आवडता रकाना, ‘इंटरव्हेन्शन / कम्पॅरेटर’. आपला दुसरा गट इथे राहतो. औषधाचं नाव, डोस, किती दिवस, सगळं असतं. समजलं नाही तर त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली डॉक्टरांना दाखवा.

शेवटी दोन गोष्टी: एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीची मंजुरी आहे का, आणि औषध महानियंत्रकांची परवानगी लागत असल्यास ती मिळाली आहे का. सीटीआरआयचा नंबर असणं म्हणजे सरकारने उपचार मंजूर केला, असं अजिबात नाही. ती फक्त नोंद आहे. काही लोक जाहिरातीत हाच नंबर मिरवतात, तिथे फसू नका.

‘फेज’चा रकानाही दिसेल. पहिल्या टप्प्यात डोस कितपत सोसतो ते बघतात, माणसं थोडी असतात. दुसऱ्यात औषध काम करतंय का याचा अंदाज घेतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर चालू उपचाराशी तुलना होते, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. घरच्यांनी लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की पहिल्या टप्प्यात स्वतःला फायदा होण्याची अपेक्षा कमीत कमी ठेवावी.

नोंदीत ‘पब्लिक क्वेरी’ या मथळ्याखाली एका माणसाचं नाव, फोन आणि ईमेल असतो. तो आपल्यासारख्यांसाठीच आहे, संकोच न करता फोन करा. पेशंटचं वय, आजार, टप्पा आणि आधीचे उपचार चार वाक्यांत सांगा आणि भरती चालू आहे का विचारा. बहुधा स्टडी कोऑर्डिनेटरशी, म्हणजे चाचणीची रोजची कामं बघणाऱ्या माणसाशी गाठ पडते, आणि पुढचे काही महिने हाच माणूस तुमचा आधार असतो.

संमतीपत्र: घरी न्या

भारतात औषधांच्या चाचण्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९’ या नियमांखाली चालतात. नियमानुसार माहितीपत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळायलाच हवी. मराठी प्रत मागा. काही वेळा मराठी इतकं शासकीय असतं की इंग्रजी परवडलं. तसं असेल तर कोऑर्डिनेटरला म्हणा, कागद बाजूला ठेवा आणि तोंडी सांगा.

ओपीडीच्या गर्दीत सही करू नका. ‘घरी वाचून उद्या सांगतो’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घरी गेल्यावर पेशंटलाच विचारा, ‘‘तुमच्यावर काय करणार आहेत, सांगा बरं.’’ त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता आलं नाही, तर संमती अजून झालेली नाही, मग कागदावर कितीही सह्या असोत. मुलगा हुशार आहे, त्याने वाचलंय, हे पुरत नाही. पेशंट शुद्धीत आणि सज्ञान असेल तर सही त्याचीच.

लिहिता-वाचता येत नसेल तर नि:पक्ष साक्षीदार लागतो, आणि तो संशोधकांच्या टीममधला नसावा. नव्या रेणूच्या, म्हणजे अगदी नव्याने शोधलेल्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातला पेशंट असेल तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करतात. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त ऑडिओ पुरतो. कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

फॉर्मवर वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलेलं असतं. इथे हमखास कुणीतरी दचकतं: ‘‘वारस कशाला? जीवाला धोका आहे का?’’ नुकसानभरपाईची वेळ आलीच तर पैसे कुणाला द्यायचे, यासाठी तो रकाना आहे आणि या फॉर्मवर तो असतोच. रिकामा सोडू नका, नाव नीट लिहा.

विचारायचे प्रश्न माझ्या मते हे. दुसऱ्या गटाला काय मिळणार? मी ट्रायलमध्ये आलो नाही तर आज माझ्यावर काय उपचार कराल? किती वेळा यावं लागेल, किती वेळा रक्त काढणार, जादा स्कॅन कोणते? प्रवासाचे पैसे मिळतात का, सोबतच्या माणसाचेही मिळतात का, आणि रोख की खात्यात? हा शेवटचा प्रश्न विचारायला माणसं लाजतात. नंदुरबारहून किंवा लातूरहून मुंबईला दर तीन आठवड्यांनी येणाऱ्या घराला मजुरी बुडणं आणि मुक्काम हाच औषधापेक्षा मोठा खर्च असतो. टाटाच्या पेशंटला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो, पण तिथेही जागेसाठी रांग आहे. सही करण्याआधी वर्षभराच्या फेऱ्यांचा हिशोब कागदावर मांडा.

फॉर्मवर एथिक्स कमिटीचा फोनही असतो. या समितीत किमान सात जण लागतात. त्यात एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा आणि किमान एक स्त्री हवी, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. डॉक्टरांकडे बोलता येत नाही अशी तक्रार थेट तिथे करता येते. फारसं कुणी करत नाही, ही गोष्ट वेगळी.

पैसे मागितले तर उठा

औषध मंजुरीसाठीच्या ट्रायलमध्ये चाचणीचं औषध आणि त्यासाठीच्या जादा तपासण्या यांचे पैसे पेशंटने द्यायचे नसतात. ‘ट्रायलमध्ये घेतो, पण पॅकेज अमुक लाख’ असं कुणी म्हणालं तर फाईल उचला आणि निघा. हा धंदा स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या नावाखाली बराच चालतो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर मंजूर चाचणीतच आणि पेशंटकडून पैसे न घेता व्हायला हवा. पार्किन्सन, ऑटिझम, गुडघेदुखी, मणक्याची इजा, सगळ्यांवर एकच उपाय सांगणाऱ्या क्लिनिकची जाहिरात पाहिली की हे वाक्य आठवा.

निरोगी माणसाला पैसे देऊन औषध घ्यायला लावणाऱ्या बायो-इक्विव्हॅलन्स स्टडीजही असतात, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध रक्तात तितकंच पोचतं का, ते बघणाऱ्या. तो वेगळा विषय आहे. एवढंच सांगते: दोन ठिकाणी एकाच वेळी नाव लपवून जाऊ नका, रक्तात दोन औषधं मिसळली तर डॉक्टरांनाही काय झालं ते कळणार नाही.

सही झाल्यावर

सहीनंतर लगेच औषध सुरू होत नाही. आधी स्क्रीनिंग असतं. रक्त, ईसीजी, स्कॅन होतात आणि बरेच जण इथेच गळतात. ‘स्क्रीन फेल्युअर’ हा शब्द कानाला वाईट लागतो, पण त्याचा अर्थ फक्त अटीत बसलो नाही एवढाच. नेहमीचा उपचार सुरूच राहायला हवा. स्क्रीनिंगपुरता तो थांबवावा लागणार असेल तर किती दिवस, हे आधीच विचारून ठेवा.

आत आलात की एक कार्ड मिळतं, त्यावर चाचणीचं नाव आणि चोवीस तासांचा फोन असतो. ते पेशंटच्या खिशात हवं, कपाटात नको. गावाकडे रात्री चक्कर आली आणि जवळच्या दवाखान्यात नेलं, तर आधी हे कार्ड दाखवा. काढा, भस्म, मेडिकलमधून आणलेली पेनकिलर, काहीही घेण्याआधी कोऑर्डिनेटरला कळवा. गोळी चुकली तर चुकली म्हणून सांगा. रिकामं पाकीट दाखवून खोटं बोललात तर नुकसान तुमचंच आहे, कारण तुमच्या पुढच्या डोसचा निर्णय त्यावरच होतो.

गंभीर त्रास झाला, म्हणजे भरती व्हावं लागलं, जीवावर बेतलं किंवा अपंगत्व आलं, तर संशोधकाला ते चोवीस तासांत औषध नियंत्रक, प्रायोजक (म्हणजे चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवावं लागतं. इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, किंवा गरज असेपर्यंत, उपचार मोफत. संबंध असल्यास नुकसानभरपाई वेगळी. औषधाचा दुष्परिणामच नव्हे, तर चाचणीतली तपासणी करताना झालेली इजा, ठरलेली पद्धत मोडल्यामुळे झालेली इजा, उपलब्ध उपचार न देता प्लासिबो दिल्याने झालेलं नुकसानही यात येतं. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र आठ लाख या मूळ रकमेवर चालतं. त्याला वयाचा आणि जोखमीचा गुणक लागतो. जोखमीचा गुणक ०.५ ते ४ असल्याने रक्कम चार लाखांपासून सुमारे त्र्याहत्तर लाखांपर्यंत जाते. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता मुळातच ९० टक्के किंवा जास्त असलेल्या पेशंटसाठी मात्र दोन लाख ठरलेले आहेत. डॉक्टरांनी स्वतःच्या संस्थेत चालवलेल्या, मंजूर औषधांवरच्या शैक्षणिक चाचण्यांना वेगळे नियम लागतात. आपली ट्रायल कुठल्या प्रकारची, हे सहीआधीच विचारा.

सोडायचं असेल तर, आणि संपल्यावर

कधीही, कारण न देता, ट्रायल सोडता येते. त्यामुळे त्या हॉस्पिटलातला नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. फक्त फोन बंद करून गायब होऊ नका. काही औषधं एकदम थांबवली तर त्रास होतो, म्हणून शेवटची सुरक्षा तपासणी करून घ्या. तोपर्यंत गोळा झालेली तुमची माहिती सहसा अभ्यासात राहते, फॉर्ममध्ये तसं लिहिलेलं असतं.

चाचणी संपली, औषधाने गुण आला आणि दुसरा उपाय नाही, तर पुढे ते मिळणार का? २०१९ च्या नियमांत याची तरतूद आहे. संशोधकाने शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्यता दिली, तर प्रायोजकाने ते मोफत पुरवायचं असतं. हे आपोआप होत नाही, डॉक्टरांना लेखी विनंती करा, आणि ती औषध संपायच्या आधी केलेली बरी.

आपण कुठल्या गटात होतो हे डॉक्टरांनाही माहीत नसेल, तर ते पूर्ण चाचणी बंद होऊन आकडे उघडल्यावरच कळतं. कधी त्याला वर्षं लागतात. फोन नंबर बदलला तर कोऑर्डिनेटरला कळवून ठेवा, आणि सीटीआरआयचा नंबर फाईलच्या पहिल्याच पानावर लिहा. निष्कर्ष छापून आले की त्याच नोंदीत त्यांचा उल्लेख शोधता येतो.